पावसाळ्यात भजनं रेकॉर्ड करायचीत: माइक कोणता, आणि वेगळा प्रीॲम्प लागतोच का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. देवगडकडचं कौलारू घर, माजघराला लागून दहा बाय बाराची खोली, हातात पंचेचाळीस हजार, आणि चतुर्थीच्या आधी गावच्या बुवांची पाच-सहा भजनं रेकॉर्ड करायची आहेत. पुढे सवडीने मालवणी गजालीही, म्हणजे गप्पागोष्टी, सांगायच्या आहेत. दुकानदाराने मोठ्या डायफ्रामचा, म्हणजे मोठ्या पडद्याचा, कंडेन्सर माइक आणि सोबत ट्यूबचा प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा) सुचवलाय, 'त्याशिवाय आवाजाला ऊब येत नाही' म्हणून. तुम्ही विचारताय, या दोन्हींत कुठलं मॉडेल घेऊ.

मॉडेलकडे येतोच, पण आधी जरा कॅलेंडर बघा. चतुर्थीच्या आधी म्हणजे आषाढ-श्रावण. कौलांवर पाऊस, हवेत नव्वद टक्क्यांच्या आसपास दमटपणा, मधूनच जाणारी लाईट, आणि एका खोलीत बुवा, पेटी, पखवाज, झांज आणि चार कोरसवाले. अशा खोलीत कुठला माइक जगेल आणि नको ते कमीत कमी पकडेल, हे आधी ठरवायचं. हवं ते किती गोड पकडेल, हे त्यानंतर. प्रीॲम्प तर माझ्या यादीत सगळ्यात खाली आहे.

मी मंडपातल्या लाऊडस्पीकरवर हात काळे करून या धंद्यात आलो. गेली वीसेक वर्षं कणकवलीच्या बाजूला घरीच रेकॉर्डिंग करतो. जास्त करून भजनं, दशावतारातली पदं, अधूनमधून एखाद्या सरपंचाची प्रचाराची जाहिरात. त्यामुळे पुढचं सगळं आपल्याकडच्या घरांपुरतं आहे. पुण्यात बंद फ्लॅटमध्ये सतार रेकॉर्ड करणारा माणूस वेगळं सांगेल, आणि त्याच्या जागी तो बरोबरच असेल.

माझा पहिला कंडेन्सर मी दिवाळीत घेतला. मे महिन्यापर्यंत मी त्याच्या प्रेमात होतो. जुलैत एका रात्री बुवा आलाप घेतायत आणि हेडफोनमध्ये फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज. केबल बदलली, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, साधा प्रीॲम्प त्याच्यातच असतो) बदलला, शेवटी माइक दुकानात पाठवला. आठ दिवसांनी परत आला, 'काही दोष नाही' अशी चिठ्ठी लावून. घरी आणला, दोन दिवस बरा चालला आणि पुन्हा तडतड. दुकान एसीतलं होतं, तिथे तो वाळून शहाणा होत होता, एवढंच. हे कळायला मला पुढचा पावसाळा उजाडला.

कारण सोपं आहे. कंडेन्सरमध्ये काही मायक्रॉन जाडीचा पडदा आणि त्याच्यामागे धातूची तबकडी असते, दोघांमध्ये विजेचा भार साठवलेला. पडदा हलला की त्या भाराचं गणित बदलतं आणि त्यातून सिग्नल मिळतो. हा सिग्नल इतका नाजूक असतो की लगतच्या सर्किटमध्ये गिगाओहमचे, म्हणजे शंभर कोटी ओहमच्या घरातले रेझिस्टर लागतात. त्यावर दमट हवेचा पातळ थर बसला, त्यात आपल्याकडचा खारा वारा आणि धूळ मिसळली, की विजेला गळायला वाट मिळते. गळती थांबून-थांबून होते, म्हणून तडतड. कधी तडतड न होता नुसता आवाज बसतो. डायनॅमिक माइकमध्ये लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं, बस्स. त्याला दमटपणाचं फारसं सोयरसुतक नसतं.

दमट हवेला न जुमानणारे कंडेन्सरही असतात. सेनहायझरची एमकेएच मालिका किंवा रोडचा एनटीजी ३ हे रेडिओ-फ्रीक्वेन्सी तत्त्वावर चालतात, त्यांच्यात ही गळतीची भानगड जवळजवळ येत नाही. पण तुमच्या बजेटमध्ये ते बसत नाहीत, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

आता 'कमी पकडण्या'बद्दल. जाहिरातीत सेल्फ-नॉइजचा आकडा ठळक छापतात. म्हणजे पूर्ण शांततेतही माइक स्वतःहून जी फुसफुस करतो ती. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी २०२० ला हा आकडा २० डेसिबल आहे, रोडच्या एनटी १ ला साडेचारच्या आसपास. कागदावर जमीन-अस्मानाचा फरक. पण पाऊस नसलेल्या रात्री, पंखा बंद करून, माझ्या खोलीत मीटर पस्तीसच्या खाली फारसा उतरत नाही. रातकिडे, बेडूक, शेजारच्या पंपाची घरघर. किनाऱ्याला लागून घर असेल तर समुद्राची गाज. २० डेसिबलची फुसफुस या सगळ्याखाली गाडली जाते. कौलारू घरात साडेचारवाल्यासाठी जास्तीचे पैसे मोजणं म्हणजे गळक्या घरात इटालियन मार्बल बसवणं.

इथे एक गैरसमज फार पसरलाय: डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेत नाही, कंडेन्सर घेतो. दोन्ही एकाच पॅटर्नचे, म्हणजे कुठल्या दिशेने किती ऐकायचं ते सारखंच असणारे असतील आणि सारख्याच अंतरावर ठेवले, तर दोघेही गायकाच्या तुलनेत खोली जवळपास सारखीच घेतात. फरक पडतो तो वापरण्याच्या पद्धतीने. डायनॅमिक आपण तोंडाशी लावतो, कंडेन्सर वीतभर-हातभर लांब ठेवतो. जवळ गेलं की गायक वाढतो, खोली तेवढीच राहते. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. हे ६ डेसिबल फुकटचे आहेत, लक्षात ठेवा, पुढे हिशोबात लागतील.

आता प्रीॲम्प. माइकमधून निघणारा सिग्नल मिलिव्होल्टचा, तोही जेमतेम. प्रीॲम्पचं काम त्याला हजारपट वगैरे मोठं करणं, ६० डेसिबल गेन म्हणजे बरोबर हजारपट. हे करताना तो स्वतःची थोडी फुसफुस मिसळतो. ती किती, याचा आकडा आजच्या साध्या यूएसबी इंटरफेसमध्येही उणे १२७-१२८ डीबीयूच्या आसपास असतो (डीबीयू हे सिग्नलच्या पातळीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितकी फुसफुस कमी). आणि निसर्गाची मर्यादाच मुळी उणे १३१ च्या जवळ आहे. १५० ओहमचा नुसता रेझिस्टर लावला तरी त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनच्या चुळबुळीने तेवढा आवाज येतोच. म्हणजे कितीही महागडा प्रीॲम्प घेतलात तरी जिंकायला फार तर तीन-चार डेसिबल शिल्लक आहेत. चाळीस हजार मोजून तीन-चार, नाहीतर माइक एक फुटावरून अर्ध्या फुटावर सरकवून सहा. मी सरकवतो.

राहता राहिली 'ऊब'. स्वस्त ट्यूब प्रीॲम्पमध्ये बहुतेक वेळा ट्यूबला हवा तेवढा व्होल्टेज देतच नाहीत. ती दिव्यासारखी लुकलुकते आणि आवाजात थोडा डिस्टॉर्शन मिसळते. तो तुम्हाला आवडला तर चूक नाही, पण तोच नंतर सॉफ्टवेअरमध्ये चवीपुरता घालता येतो. रेकॉर्डिंगमध्येच घातला तर काढता येत नाही. सार खारट झालं की पुढे काय करणार?

प्रीॲम्पच्या गेनचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो कोण गातंय यावर अवलंबून आहे. तुम्ही शुअरच्या एसएम ७बी चं नाव लिहिलंय, पॉडकास्टवाले सगळे तोच लावतात म्हणून. माइक उत्तम, पण सिग्नल फार बारीक देतो. शांत आवाजात गजाल सांगायची तर त्याला निदान ६० डेसिबल गेन हवा. बाजारात जुना स्कार्लेट २आय२ इंटरफेस, तिसऱ्या पिढीचा, बराच फिरतोय. त्याचा गेन ५६ ला संपतो. मग लोक फँटमवर (इंटरफेसकडून माइकच्याच केबलमधून येणाऱ्या विजेवर) चालणारी २५ डेसिबलची बूस्टर डबी घेतात, म्हणजे आणखी खर्च. चौथ्या पिढीत गेन ६९ पर्यंत नेलाय, तिथे डबीची गरज उरत नाही. उलट आपले बुवा. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवांना उत्तर देऊन तयार झालेला गळा, गजराला वरच्या पट्टीत गेला की चाळीस डेसिबल गेनही पुष्कळ होतो. तिथे गेन पुरत नाही ही तक्रार मी कधी ऐकली नाही. सिग्नल फुटला ही तक्रार मात्र दर हंगामात ऐकतो. २४ बिटवर रेकॉर्ड करा, सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि बुवा तालमीपेक्षा प्रत्यक्षात वर जाणार हे गृहीत धरा. जातातच.

इथवर आलोय ते एका वाक्यात सांगतो: माइक दमटपणाला दाद न देणारा हवा, जवळून वापरता येणारा हवा, आणि प्रीॲम्प इंटरफेसमधलाच पुरे. तुमचे पैसे अडणार आहेत ते वेगळ्याच जागी, इनपुटच्या संख्येत.

दोन इनपुटचा इंटरफेस घेतलात तर पेटी-पखवाज आधी आणि गाणं नंतर, असं करावं लागेल. हे सिनेमातल्या गाण्याला जमतं. भजनात बुवा लय वाढवतात, पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघून तिहाई टाकतो, कोरसवाले बुवांचा हात वर गेला की उचलतात. वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं भजन कसं लागतं हे एका बुवांनी मला ऐकल्या-ऐकल्या सांगितलं होतं: "अरे, सगळे वेगवेगळ्या घरात बसल्यासारखे कित्याक वाटतत?" तेव्हापासून मी सगळ्यांना एकत्र बसवतो. म्हणून चार माइक-इनपुटचा इंटरफेस घ्या. त्यासाठी माइक एक दर्जा खाली उतरला तरी चालेल.

बसवायचं कसं, ते माझ्या पद्धतीने सांगतो. बुवा स्वतः पेटी वाजवतात, तेव्हा त्यांच्या माइकमध्ये पेटी घुसणारच. शुअरचा एसएम ५८ हा डायनॅमिक माइक बाजूने बूम स्टँडवर आणा, पेटी आणि हनुवटी यांच्या मधे, आणि तोंड वर बुवांच्या ओठांकडे ठेवा. ५८ कार्डिऑइड आहे, असा माइक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो आणि ती पाठ आपोआप पेटीकडे होते. चार बोटं अंतर. बुवा सुरुवातीला कुरकुरतील, 'माइक तोंडात घालतंस काय' म्हणतील, दुसऱ्या भजनापर्यंत विसरतील.

पखवाजाला शुअरचाच एसएम ५७, तोही डायनॅमिक. शाईच्या बाजूने, वीतभर अंतरावरून, किंचित वरून रोखलेला. एकच माइक असेल तर तो शाईच्या बाजूलाच थोडा मागे घ्या, कणीक लावलेल्या बाजूचा घुमार खोलीत भरपूर असतो आणि तो बाकीच्या माइकमधून येतोच. दोन माइक लावलेत तर एकाची पोलॅरिटी (सिग्नलची उणे-अधिक बाजू) उलटी करून बघा, दोन्ही पानं एकमेकांकडे पाठ करून असतात. ज्या बाजूने 'धा' भरदार वाटेल ती ठेवा. पखवाजाला कंडेन्सर लावून मी दोनदा हात पोळून घेतलेत, थापेला स्वस्त माइकचं सर्किटच माघार घेतं.

पेटीला तिसरा माइक, सुरांच्या वर दीड फुटावर. भात्याच्या बाजूला नेऊ नका, हवेचा सुस्कारा सुरापेक्षा मोठा येतो. झांजेला माइक लावायचाच नाही. उलट झांजवाल्याला सगळ्यांपासून लांब, दारात बसवा आणि प्रत्येक माइकची पाठ जमेल तेवढी त्याच्याकडे करा. तरीही झांज सगळीकडे ऐकू येईल. ती तशीच असते. कोरस चौथ्या माइकवर, अर्धगोल करून.

हे ५७ आणि ५८ म्हणजे काही नवी जादू नाही. ५७ आला १९६५ मध्ये, ५८ त्याच्या पुढच्या वर्षी. दोघांच्या पोटात जवळपास एकच कॅप्सूल. ५८ ला वर जाळीचा गोळा आणि आत फोम, त्यामुळे गाणाऱ्याची फुंकर अडते. भारतात यांच्या नकला एवढ्या सुटल्यात की अर्ध्या किमतीत मिळाला तर तो ५८ नाही असं समजून चाला. खऱ्या ५८ चं वजन २९८ ग्रॅम असतं. सोनाराकडे ओळख असेल तर काट्यावर ठेवून बघा, मी ठेवलाय.

तरीही कंडेन्सर घेऊच नका असं मी म्हणत नाही. गजालींसाठी तो एक हवा, कारण हळू आवाजातली कुजबूज आणि हुंकार डायनॅमिकमध्ये मागे पडतात. एटी २०२० च्या वर्गातला एक पुरे. तो तुमचा दसरा ते मे महिन्याचा माइक. पावसाळ्यात हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. रंग बदलणारं जेल घ्या, नारिंगीचं हिरवं झालं की ओलं झालं असं समजायचं, आणि ते शे-सव्वाशे अंशांवर तापवून परत वापरता येतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते जेवणाच्या भांड्यात तापवू नका. माझ्या एका स्नेह्याने कपाटात शून्याचा बल्ब लावून ठेवलाय, तोही उपाय चालतो. तांदळाच्या डब्यात माइक ठेवायचा सल्ला कुणी दिला तर भात खा आणि सल्ला सोडा. एसीच्या खोलीतून थंडगार माइक काढून पडवीत आणला की त्यावर दव धरतं, म्हणून बाहेर नेताना डब्यातच ठेवून अर्धा तास थांबायचं.

फँटम पॉवरच्या ४८ व्होल्टला तुम्ही घाबरलेले दिसता. डायनॅमिकला नीट केबल असेल तर तो काही करत नाही. हा आकडा आला नॉर्वेहून. १९६६ मध्ये न्यूमन कंपनी तिथल्या सरकारी रेडिओसाठी माइक बनवत होती आणि स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच माइकला वापरली. लाईट गेल्यावरच्या व्यवस्थेवर चालणारा माइक! आपल्याला हे किती जवळचं वाटायला हवं.

लाईटवरून आठवलं. लॅपटॉपच्या बॅटरीवर आणि यूएसबीवरच चालणारा इंटरफेस घ्या. लाईट जाते तेव्हा पंखे, फ्रीज, शेजारचा पंप सगळं गप्प होतं, आणि माझ्या काही उत्तम टेक अशा अंधारातल्या आहेत. हेडफोनमध्ये हूं असा ५० हर्ट्झचा घुमार येत असेल तर आधी चार्जर काढून बघा. गेला तर दोष अर्थिंगचा. आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये अशी कोरडी पडते की अर्थिंग नावालाच उरतं, तेव्हा खड्ड्यात दोन कळशा पाणी ओतलं तरी फरक कळतो. कायमचा उपाय वायरमनकडूनच करून घ्या, आणि अर्थिंगची पिन तोडून घुमार घालवणाऱ्याला दारात उभं करू नका.

खोलीला फोमचे चौकोन किंवा अंड्यांचे ट्रे लावू नका. ट्रे काहीच करत नाहीत, फोम पावसात बुरशी धरतो. मी एकदा हौसेने भाताच्या पेंढ्याच्या पेंड्या कोपऱ्यात रचल्या होत्या. घुमार खरंच कमी झाला, पण पंधरा दिवसांत उंदरांनी तिथे संसार थाटला. त्यापेक्षा गायकाच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या दोरीवर टाका. तुमच्या खोलीला गिलावा नसलेल्या जांभ्याच्या भिंती असतील तर तुम्ही नशीबवान, ते खडबडीत, सच्छिद्र अंग आवाज थोडा पितं आणि थोडा विखुरतं. वर उतरतं छप्पर असल्याने टाळीचा टणत्कारही कमी. नवी फरशी आणि ऑइलपेंटची भिंत असेल तर सतरंजी आधी, माइक नंतर.

पैशांचं म्हणाल तर किमती रोज हलतात, म्हणून वाटणी सांगतो. साधारण निम्मे चार इनपुटच्या इंटरफेसला. उरलेल्यात अस्सल ५८ एक आणि ५७ एक. तिसरा-चौथा डायनॅमिक गावातल्या मंडपवाल्याकडून चार दिवस मागून आणा, त्यांच्याकडे बरे माइक धूळ खात पडलेले असतात. फक्त गंजलेली जाळी आणि काळी पडलेली पिन बघून घ्या. स्टँड मात्र जड घ्या, हलका स्टँड पखवाजाच्या थापेने नाचतो. कंडेन्सर यंदा नकोच, दसऱ्याला बघू.

पावसाचं काय? जोराची सर कौलांवर आली की जगातला कुठलाही माइक हरतो, त्या वेळी चहा ठेवायचा. श्रावणात उघडीप मिळते, ऊन-पावसाच्या त्या खेळात तीन-चार कोरडे तास सापडतात. मी मंडळींना सकाळी बोलावून बसवूनच ठेवतो, माइक लावून, लेव्हल घेऊन. सर थांबली, पागोळ्या गळायच्या थांबल्या की लगेच सुरू.

काहीही विकत घ्यायच्या आधी एक करा. आज रात्री खोलीच्या मधोमध मोबाईल ठेवून, कुणीही न बोलता, दहा मिनिटं नुसती खोली रेकॉर्ड करा. तशीच उद्या दुपारी. एक टाळीही वाजवा. दोन्ही फाइली आणि खोलीचा फोटो इथे टाका, दारं-खिडक्या कुठे आहेत तेही लिहा. पखवाज कुठल्या भिंतीला पाठ करून बसवायचा, ते ऐकून सांगतो.